पदकानंतरचे तीन कोटी आणि पदकाआधीचे सहा हजार

प्रति,
विधानसभा आणि विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य,
हिवाळी अधिवेशन, विधानभवन, नागपूर

सन्माननीय सदस्यहो,

अधिवेशनासाठी तुम्ही आमच्या गावात आला आहात. मी इथलीच, शारीरिक शिक्षणाची शिक्षिका. या नोकरीत मला सव्वीस वर्षं झाली. शाळेचा दिवस सुरू होण्याआधी, पहाटे साडेपाचला मी मैदानावर असते. या थंडीत त्या वेळी काळोखच असतो. मुलं दिसत नाहीत, नुसते पाय वाजतात. सध्या चौदा जण येतात, नऊ मुली आणि पाच मुलं. दोघं हुडकेश्वरहून सायकलनं येतात.

या अधिवेशनात तुमच्यासमोर पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाचे प्रस्ताव, येतील आणि त्यात क्रीडा खात्याचं पानही असेल. त्या पानावर फारशी चर्चा होत नाही, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून ते मंजूर करण्याआधी हे पत्र वाचावं, अशी विनंती आहे.

जुलै २०२५ मध्ये आमच्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बाटुमीत महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. एकोणीस वर्षांची मुलगी, समोर कोनेरू हम्पी. पारंपरिक दोन्ही डाव बरोबरीत सुटले, निकाल जलद डावांवर गेला आणि तिथं तिनं बाजी मारली. त्या विजयानं ती ग्रँडमास्टरही झाली. ऑगस्टमध्ये राज्य सरकारनं नागपुरातच तिचा सत्कार केला आणि ३ कोटी रुपये दिले. मी घरी टीव्हीसमोर उभी राहून टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मी परत घेत नाही. त्या मुलीला मिळालेला एकही रुपया जास्तीचा नाही, हे आधीच स्पष्ट लिहिते, कारण पुढचं वाचून कुणाचा तसा समज होऊ नये.

माझं म्हणणं तुमच्याविषयी आहे. बक्षीस दिलं की खेळाला पैसा दिला, असं तुम्ही धरता. तसं नसतं. बक्षीस हा आनंद साजरा करण्याचा खर्च आहे. खेळाडू घडवण्याचा खर्च त्याच्या आधी दहा वर्षं होतो आणि तो कुणीतरी दुसरंच करत असतं.

कोण करतं? आमच्या शहराकडेच बघा. दिव्याचे आई-वडील दोघंही डॉक्टर. जानेवारी २०२२ मध्ये इंडिया ओपनमध्ये सायना नेहवालला हरवणारी आमची बॅडमिंटनपटू मालविका बनसोड, तिचे आई-वडील दोघंही दंतवैद्य. त्या आयांनी काय केलं असेल याची मला चांगली कल्पना आहे. मुलीबरोबर गावोगाव फिरायचं, रात्रीच्या गाड्या पकडायच्या, आपली प्रॅक्टिस बाजूला ठेवायची. माझा त्यांना नमस्कार आहे. आणि तिरंदाज ओजस देवतळे? २०२३ मध्ये बर्लिनला विश्वविजेता, त्याच वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत तीन सुवर्णपदकं. तोही नागपूरचाच, पण घडला साताऱ्याला जाऊन. जे घर पोराला साताऱ्याला ठेवू शकतं, ते ठेवतं. ज्या घराला ते परवडत नाही, त्या घरातलं पोर नागपुरातच राहतं आणि आपल्याला त्याचं नावही कळत नाही.

अशा एका मुलीबद्दल सांगते. नाव लिहीत नाही.

सातवीत असताना ती माझ्याकडे आली. वडील ई-रिक्षा चालवतात, आई तीन घरी पोळ्या करते. पहिल्या दिवशी ती शाळेच्या काळ्या बुटांत धावली आणि तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या मुलींच्या पुढे गेली. आठशे मीटर ही तिची शर्यत होती, हे मला तेव्हाच कळलं. चारशेत जोर लागतो, पंधराशेत दम लागतो. आठशेत दोन्ही लागतं, शिवाय डोकं शांत ठेवावं लागतं. तिचं डोकं शांत होतं.

माझ्या कपाटात स्पाइक्सचा, म्हणजे तळाला खिळे असलेल्या धावायच्या बुटांचा, एक जोड आहे. निळा, आता करडा पडलाय. त्याच्या जिभेच्या आतल्या बाजूला बॉलपेननं नावं लिहिलेली आहेत, कारण तो जोड एका मुलीकडून दुसरीकडे जातो. तिचं नाव चौथं. जोड तिला एक नंबर मोठा होता, म्हणून ती टाचेत कापूस भरायची. खिळे फिरवायची किल्ली कधीच हरवली होती, म्हणून वडिलांच्या रिक्षातली पकड आणून ती खिळे बदलायची. त्याच जोडात पंधराव्या वर्षी ती आठशे मीटर दोन मिनिटं एकोणीस सेकंदांत धावली. माझ्या हातातल्या घड्याळावरची वेळ आहे, इलेक्ट्रॉनिक नव्हे. तरीही ती वेळ पाहून मी मैदानातच खाली बसले.

तेव्हा मी एका वहीत तिच्या महिन्याच्या खर्चाचा हिशेब लिहायला लागले. अंडी, दूध, केळी, भिजवायला हरभरे, शेंगदाणे-गूळ मिळून बावीसशे. बुटांचे महिन्याला नऊशे पडायचे. स्पर्धांची फी आणि प्रवास चौदाशे. फिजिओकडे महिन्यातून तीनदा, पंधराशे. एकूण सहा हजार. थोडं मी घातलं, थोडं शाळेतल्या दोन सहकाऱ्यांनी, थोडं सदर भागातल्या एका औषध दुकानदारानं. प्रत्येक महिन्याला जमलं नाही. जमलं नाही की सगळ्यात आधी फिजिओ बंद व्हायचा, कारण अंडी बंद करणं मला जमायचं नाही.

राज्य स्पर्धेसाठी आम्ही पुण्याला गेलो. आरक्षण कन्फर्म झालं नव्हतं. रात्रभर ती दाराजवळ पिशवीवर बसून आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची हीट, म्हणजे प्राथमिक फेरी, होती. ती पाचवी आली. तिच्यापुढे आलेल्या चौघींपैकी तिघी सरकारच्या निवासी क्रीडा प्रबोधिनीत किंवा वसतिगृहात राहणाऱ्या होत्या, हे नंतर कळलं. परतीच्या गाडीत ती एकच बोलली, "मॅडम, त्या पोरी रात्री झोपल्या होत्या."

पुढच्या वर्षी तिची नडगी दुखायला लागली. सुरुवातीला मी बर्फ लावला, दोन दिवस आराम दिला. दुखणं गेलं नाही. एक्स-रेत काही दिसलं नाही. हाडाला पडलेली बारीक चीर सुरुवातीला एक्स-रेत बरेचदा दिसतच नाही, हे मला आज माहीत आहे. डॉक्टर एमआरआय करा म्हणाले. खाजगीत सात हजार सांगितले. एका सरकारी रुग्णालयात सहा आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. निवड चाचणी अकरा दिवसांवर होती. मी नको म्हणाले, पण ती ऐकेना, आणि मीही पुरेसं ठाम राहिले नाही. ती धावली. पहिली फेरी पूर्ण करून वळणावर थांबली आणि एका पायावर उभी राहिली. हाड पुढे जुळलं. पण ती मैदानावर परत आली नाही. आज ती बर्डीवर, सीताबर्डीच्या बाजारात, एका कपड्याच्या दुकानात आहे आणि दिवसाचे दहा-दहा तास उभी असते.

आता या सहा हजारांचा हिशेब तुमच्या तीन कोटींशेजारी मांडते. महिन्याला सहा हजार म्हणजे वर्षाला बहात्तर हजार. ३ कोटींत अशा चारशे सोळा मुलामुलींचं पूर्ण एक वर्ष निघतं. दिव्याचे ३ कोटी द्यायला नको होते, असा याचा अर्थ काढू नका. ते दिलेत तसेच हे चारशे सोळाही द्यायला हवे होते, इतकंच मी म्हणते.

पैसा नव्हता, असं सांगू नका. जुलै २०२४ मध्ये टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून आलेल्या क्रिकेटपटूंचा मुंबईत तुमच्याच विधानभवनात सत्कार झाला आणि भारतीय संघासाठी राज्यातर्फे ११ कोटी जाहीर झाले. त्याच संघाला क्रिकेट मंडळानं आधीच १२५ कोटी जाहीर केले होते. मलाही क्रिकेट आवडतं. विदर्भानं २०१८ मध्ये पहिल्यांदा रणजी जिंकली तेव्हा आम्ही शाळेत पेढे वाटले होते. पण क्रिकेट स्वतःच्या पैशावर उभं आहे, त्याला सरकारच्या ११ कोटींची गरज नाही. विधानभवनातल्या त्या सत्काराला महिनाही झाला नसेल, १ ऑगस्टला कोल्हापूरच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक जिंकला. १९५२ च्या हेलसिंकीनंतर महाराष्ट्राच्या मातीतल्या खेळाडूचं हे ऑलिंपिकमधलं पहिलंच वैयक्तिक पदक. त्याला सुरुवातीला १ कोटी जाहीर झाले. मागाहून बक्षिसांची रक्कम वाढवली गेली, सुवर्णाला ५, रौप्याला ३ आणि कांस्याला २ कोटी. वाढवलीत ते चांगलं केलंत. पण वाढवलं तेही पदकानंतरचंच.

हेलसिंकीचा विषय निघालाच आहे तर तिथं कुस्तीत कांस्यपदक जिंकलेल्या खाशाबा जाधवांबद्दलही लिहिते. त्यांना तिथं पाठवण्यासाठी गोळेश्वरच्या गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. आता १५ जानेवारी, खाशाबांचा जन्मदिवस, राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी आमच्या शाळेतही हार घालतात, भाषणं होतात आणि प्राचार्यांच्या घराची गोष्ट मुलांना सांगितली जाते. मुलं डोळे मोठे करून ऐकतात. मला मात्र दर वेळी वाटतं, सत्तर वर्षांनीही आपण त्याच पद्धतीनं खेळाडू पाठवतोय. फक्त गहाण पडणारं घर आता आई-वडिलांचं असतं.

उच्च दर्जाच्या खेळावर सरकारनं पैसा खर्च करावाच का, हा प्रश्न मी टाळणार नाही. तो मला त्या मुलीच्या आईनंच विचारला होता. संध्याकाळी पोळ्यांचं काम उरकून त्या मैदानाच्या कठड्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "मॅडम, थे पयते त मले बी बरं वाटते. पण पयून भेटते काय, सांगा." मला उत्तर देता आलं नाही.

यवतमाळ-अमरावतीत शेतकरी जीव देतात. सरकारी दवाखान्यात माणसं तारखेची वाट बघत राहतात, हे तर मी वर लिहिलंच. अशा राज्यात कुणीतरी एक जण आठशे मीटर चार सेकंद लवकर धावावी म्हणून लोकांचा पैसा का घालायचा? मी यावर बरीच वर्षं विचार केला आहे. पदकानं देशाचा मान वाढतो, हे उत्तर मला पुरत नाही. मान वाढतो, पण त्या बाईंना त्यातून काय मिळतं? माझं उत्तर असं आहे: त्या बाईंच्या मुलीलाही शेवटच्या पायरीपर्यंत जाता येईल अशी शिडी असेल, तर त्या शिडीवर लोकांचा पैसा घालणं योग्य आहे. शिडीच्या खालच्या पायऱ्याच नसतील, वर पोचलेली सगळी मुलं आपापल्या घराच्या बळावर पोचली असतील आणि सरकार नुसतं वर उभं राहून धनादेश देत असेल, तर तो पैसा योग्य ठिकाणी गेला असं मला म्हणता येणार नाही.

वरच्या पायऱ्या आहेत. ऑलिंपिक पदकाच्या तयारीसाठी असलेल्या केंद्राच्या टॉप्स योजनेतल्या मुख्य गटाच्या खेळाडूला महिन्याला ५० हजार हातखर्च मिळतो. होतकरू खेळाडूंसाठीच्या खेलो इंडिया योजनेत निवड झाली तर महिन्याला १० हजार. राज्यानंही 'मिशन लक्ष्यवेध' आणून ऑलिंपिकमधले १२ खेळ निवडले आहेत. पण या सगळ्यासाठी मूल आधी दिसावं लागतं. माझ्याकडची ती मुलगी राज्य स्पर्धेच्या हीटमध्ये पाचवी आली. ती कुणाच्या नजरेत कशी येणार? ज्या वयात आणि ज्या पातळीवर मूल सुटतं, तिथं त्याला धरून ठेवणारी योजना मला तरी दिसली नाही.

पॅरिसच्या तयारीवर केंद्रानं सुमारे ४७० कोटी खर्च केले. सहा पदकं आली. पदकामागे ७८ कोटी, असा भागाकार तेव्हा कितीतरी जणांनी मोबाइलवर फिरवला. मला तो हिशेब पटत नाही. त्या पैशात सोळा खेळांचे प्रशिक्षक, परदेशी सराव, डॉक्टर सगळं होतं, आणि त्याच ऑलिंपिकमध्ये आपण सहा वेळा चौथे आलो. बॅडमिंटनवर ७२ कोटी गेले आणि पदक आलं नाही. नेमबाजीवर ६० कोटी गेले आणि तीन आली. म्हणून बॅडमिंटन बंद करायचं का? चौथ्या क्रमांकाचा खेळाडू तिसऱ्याइतकाच राबलेला असतो. मैदानावर उभ्या असलेल्या कुणालाही विचारा.

पैसा ओतला की पदकं येतात, यात मात्र शंका नाही. १९९६ मध्ये अटलांटाला ब्रिटनला एकच सुवर्ण मिळालं होतं. मग त्यांनी लॉटरीचा पैसा खेळाकडे वळवला, पदकाची शक्यता असलेल्या खेळांना भरभरून दिला, बास्केटबॉलसारख्या खेळांचा तोडला. २०१६ मध्ये रिओला २७ सुवर्णपदकं घेऊन ते दुसरे आले. पण लंडनच्या ऑलिंपिकमुळे सामान्य माणूस जास्त खेळायला लागेल, हा त्यांचा वायदा पुरा झाला नाही, असं सरकारी खर्च तपासणाऱ्या त्यांच्याच संसदेच्या लोकलेखा समितीनं नमूद केलं आहे. तुमच्याकडेही लोकलेखा समिती आहे. तिनं कधी क्रीडा खात्याकडे याच नजरेनं बघावं.

ओडिशाचं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. ते काही श्रीमंत राज्य नाही. २०१८ पासून ते भारतीय हॉकीचं प्रायोजक आहे आणि त्यानंतर टोकियो व पॅरिस अशी दोन कांस्यपदकं आली. पण माझं लक्ष पदकांपेक्षा सुंदरगढ जिल्ह्याकडे जातं. हॉकीपटूंच्या त्या आदिवासी जिल्ह्यात त्यांनी तालुक्याच्या पातळीवर कृत्रिम गवताची मैदानं बांधायला घेतली. गडचिरोलीत, मेळघाटात धावणारी मुलं कमी आहेत का?

शेवटी बक्षीस आणि मध्ये काहीच नाही, या पद्धतीचा आणखी एक परिणाम तुम्हाला माहीत आहे. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या घेतल्याची प्रकरणं राज्यात उघड झाली, गुन्हे दाखल झाले. दहावी-बारावीच्या वाढीव गुणांपुरते मैदानावर येणारे विद्यार्थी मी दर वर्षी बघते, फेब्रुवारीनंतर ते दिसत नाहीत. मोल कागदाला असलं की कागद विकले जातात. दहा वर्षांचा घाम कुणाला विकत घेता येत नाही.

मी काय मागते ते लिहिते. बक्षिसाच्या ज्या शासन निर्णयात खेळाडूचं नाव आणि रक्कम असेल, त्याच निर्णयात तेवढीच रक्कम त्या खेळाडूच्या जिल्ह्यातल्या शालेय खेळाडूंच्या आहार-प्रवासासाठी लिहिलेली असावी, आणि ती मुलांच्या बँक खात्यात थेट जावी. दिव्याचे ३ कोटी तिला, आणि दिव्याच्या नावानं ३ कोटी नागपूर जिल्ह्याच्या मुलांना. तिलाही ते आवडेल, असं मला वाटतं.

दुसरी मागणी एमआरआयची आहे आणि तिला जवळजवळ काहीच खर्च नाही. यंत्रं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत आहेत, हाडांचे डॉक्टर आहेत, फिजिओथेरपीचे विभाग आहेत. आठवड्यातला एक दिवस, निदान अर्धा, खेळाडूंच्या दुखापतींसाठी राखून ठेवा. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याच्या चिठ्ठीवर आठ दिवसांच्या आत तपासणी. एवढं असतं तर माझ्याकडची ती मुलगी त्या चाचणीत धावली नसती. सहा महिने बसली असती, रडली असती आणि पुढच्या वर्षी परत आली असती.

मैदानं खेळासाठी ठेवा, हेही सांगावं लागतं. शहरातल्या एका मैदानावर कार्यक्रमाचा मंडप उठला की आमचा दुसऱ्या दिवशीचा सराव म्हणजे ओळीनं वाकून खिळे वेचणं. मागच्या वर्षी एका सकाळी आम्ही श्रीखंडाचा अर्धा डबा भरून खिळे वेचले. दोन मुलं अनवाणी धावतात म्हणून वेचावेच लागतात. आणि शिक्षणहक्क कायद्यानं सहावी ते आठवीत पट शंभराच्या वर असलेल्या शाळेला शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक मिळायला हवा. तुमच्या मतदारसंघातल्या किती शाळांत तो आहे, ते एकदा मोजून घ्या. मूल धावू शकतं हे सगळ्यात आधी त्या निदेशकालाच दिसतं.

२०३६ च्या ऑलिंपिकचं यजमानपद भारताला हवं आहे. आज दहा वर्षांची असलेली मुलगी तेव्हा वीस-एकवीस वर्षांची असेल. माझ्याकडे अशी एक आहे, पाचवीतली. अजून निळा जोड तिच्या पायाला फार मोठा होतो.

तुमच्यापैकी कुणीतरी एक तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं असा प्रश्न, विचारावा. या अधिवेशनाची मुदत गेली असेल तर मार्चच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात. प्रश्न असा: गेल्या दहा वर्षांत राज्यानं ज्या ज्या खेळाडूंना रोख बक्षिसं दिली, त्यांपैकी किती जणांना पदकाआधीच्या तीन वर्षांत राज्याकडून एक रुपया तरी मिळाला होता? नावानिशी, वर्षानिशी उत्तर मागा. ते सभागृहाच्या पटलावर आलं की त्याची एक प्रत मला हवी आहे. खर्चाच्या त्या वहीची शेवटची पानं अजून कोरी आहेत, तिथं मी ती चिकटवून ठेवीन.

आपली,
शारीरिक शिक्षणाची एक शिक्षिका,
नागपूर